पंडिता रमाबाई : श्रद्धा आधी की कृती आधी?



आठवीच्या वर्गात समाजसुधारकांवर निबंध लिहून घेत होते. फळ्यावर नावं लिहिली होती. पंडिता रमाबाईंचं नाव आलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिनं विचारलं, "बाई, त्या ख्रिश्चन झाल्या म्हणून त्यांनी एवढ्या बायकांना सांभाळलं, की बायकांना सांभाळायचं होतं म्हणून त्या ख्रिश्चन झाल्या?"

खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही. आपल्या पाठ्यपुस्तकात रमाबाईंना मिळतात चार ओळी. शारदा सदन, मुक्ती सदन, विधवांसाठी कार्य, झालं. धर्मांतराचा उल्लेख आपण घाईघाईनं उरकतो, कारण वर्गात सगळ्या घरांतली मुलं बसलेली असतात आणि कुणाचं मन दुखवायचं नसतं. पण त्या मुलीचा प्रश्न नेमका रमाबाईंचाच होता. माणूस मानतो काय आणि करतो काय, यातलं अंतर त्यांनी आयुष्यभर मोजलं. आधी स्वतःच्या जन्माच्या धर्मात मोजलं, मग स्वीकारलेल्या धर्मातही. म्हणून हा लेख थोडा लांब झाला आहे. सवडीनं वाचा.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळ नावाच्या रानातल्या जागी. वडील अनंतशास्त्री डोंगरे, चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे पंडित. त्यांचे गुरू पुण्यात पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवत. तरुण अनंतशास्त्र्यांनी ते पाहिलं आणि मनाशी ठरवलं, की आपणही आपल्या बायकोला शिकवायचं. पहिल्या लग्नात ते जमलं नाही, घरच्यांनी हाणून पाडलं. पुढे वय चव्वेचाळीसच्या आसपास असताना त्यांचं दुसरं लग्न झालं, लक्ष्मीबाईंशी. त्या तेव्हा नऊ वर्षांच्या! आज वाचताना अंगावर काटा येतो. पण त्याच माणसानं त्या मुलीला संस्कृत शिकवलं, त्यापायी गावाचा रोष घेतला, उडुपीला विद्वानांच्या सभेपुढे उभं राहून स्त्रीला संस्कृत शिकवणं शास्त्राविरुद्ध नाही हे सिद्ध केलं आणि शेवटी रानात जाऊन घर बांधलं. माणसं अशी सरळ एका रंगाची नसतात, हे मुलांना सांगायला हे उदाहरण चांगलं आहे.

रमाला शिकवलं आईनं. पहाटे उठवून, मांडीवर घेऊन, पाठांतर. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक तिला तोंडपाठ होते. पुस्तक हातात न घेता. आपल्या मुलांना एक कविता पाठ करायला सांगितली तर घरून चिठ्ठी येते, असो.

घर फार काळ टिकलं नाही. दानधर्म आणि पाहुण्यांची वर्दळ यात पैसा संपला आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. देवळात बसून पुराण सांगायचं, ऐकणारे जे ठेवतील त्यावर पोट भरायचं. रमाचं बालपण असं पायी चालण्यात गेलं. मग 1874 च्या सुमाराला दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोण येणार? अंगमेहनतीची सवय नाही, भीक मागायची लाज. होतं नव्हतं ते देवाला वाहिलं, उपास केले, जप केले, प्रदक्षिणा घातल्या. शास्त्रात जे सांगितलं होतं ते सगळं केलं. वडील गेले. थोड्याच काळात आईही गेली.

आईच्या शेवटच्या दिवसांतली एक आठवण रमाबाईंनी पुढे लिहून ठेवली आहे. आई भुकेनं भ्रमात होती. रमा शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारात बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेली, आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. आई गेल्यावर तिरडी उचलायला चार खांदेही मिळाले नाहीत. दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथी रमा. उंची कमी, तिरडी खांद्यावर ठरेना, म्हणून तिनं ती बाजू ओझ्यासारखी डोक्यावर घेतली. मोठी बहीणही गेली. उरले दोघे.

रमा आणि श्रीनिवास हिंदुस्थानभर चालले. रानातली बोरं आठळीसकट खाल्ली. झेलम नदीच्या काठी थंडीत वाळूत खड्डा खणायचा, त्यात पडायचं आणि डोकं सोडून अंगावर कोरडी वाळू ओढून घ्यायची. तीच त्यांची गोधडी. या चालण्यात दोघांची श्रद्धा हळूहळू झिजली. कुणी वादात हरवलं म्हणून नव्हे. जे जे करा म्हणून सांगितलं ते ते आईवडिलांनी केलं होतं, आणि त्यांच्या ओंजळीत काहीच पडलं नव्हतं. हे दुःख मी इथे कुठल्या धर्माविरुद्ध पुरावा म्हणून मांडत नाही. भुकेनं आईवडील गमावलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या मनात काय झालं, एवढंच सांगते.

1878 मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. वय वीस. तिथंच एका ख्रिस्ती मंडळींच्या बैठकीला भावंडं गेली होती. चहा-बिस्किटं पुढे आली, तेव्हा दोघांना वाटलं कलियुग आता पुरतं आलं! मग सगळी मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून प्रार्थना करू लागली. दोघांना वाटलं, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात. मुलांना हा प्रसंग सांगून बघा, फार हसतात. हसून झालं की विचारा, आपल्या पूजा बाहेरून बघणाऱ्याला कशा दिसत असतील? वर्ग एकदम शांत होतो.

कलकत्त्यात तिला बायकांपुढे स्त्रीधर्मावर बोलायला सांगितलं. तयारी म्हणून तिनं धर्मशास्त्रं बारकाईनं वाचली. तिच्या लक्षात आलं, की हे ग्रंथ जवळजवळ प्रत्येक बाबतीत एकमेकांशी भांडतात, पण बायकांना आणि शूद्रांना कमी लेखण्यात मात्र सगळ्यांचं एकमत. केशवचंद्र सेनांनी तिच्या हातात वेद दिले. बाईनं वेद वाचायचे नाहीत असं ती तोवर मानत होती. वाचले. दगडाच्या मूर्तीवरचा विश्वास तोवर गेला होताच. शास्त्रावरचाही गेला.

1880 मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी तिनं बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. ते ब्राह्मण नव्हते. दोन्हीकडच्या समाजानं दोघांना बाहेर टाकलं. सिल्चरच्या त्या घरात नवऱ्याच्या पुस्तकांत तिला लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि तिनं ती आवडीनं वाचली. एक बाप्तिस्त मिशनरी येऊन समजावून सांगू लागला. ख्रिस्ती होण्याचा विचार नवऱ्याला अजिबात रुचला नाही, विषय तिथंच थांबला. 1881 च्या एप्रिलमध्ये मनोरमा झाली. 1882 च्या फेब्रुवारीत पटकीनं मेधावी गेले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांची मुलगी.

त्या पुण्याला आल्या. (इथून त्यांना 'त्या' म्हणते. आतापर्यंत मला ती वर्गातलीच मुलगी वाटत होती.) रानडे, भांडारकर अशी मंडळी पाठीशी होती. 1882 मध्ये आर्य महिला समाज स्थापन झाला. हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि स्त्रियांसाठी शिक्षिका हव्यात, स्त्री डॉक्टर हव्यात हे ठासून मांडलं. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं, त्याच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाचे पैसे उभे केले. डॉक्टर व्हायचं होतं. ख्रिस्ती मात्र होणार नाही, असं सांगून 1883 मध्ये त्या मुलीला आणि आनंदीबाई भगत या मैत्रिणीला घेऊन निघाल्या.

उतरल्या वाँटेज गावी, अँग्लिकन भगिनींच्या मठात. ते वर्ष वाईट होतं. आनंदीबाई भगतांच्या मनाचा तोल गेला आणि त्यांनी आत्महत्या केली. रमाबाईंना कमी ऐकू येऊ लागलं होतं, त्यामुळे डॉक्टरकीचं दार बंद झालं. आणि अशा दिवसांत भगिनींनी त्यांना हवापालटासाठी लंडनमधल्या फुलहॅमला पाठवलं.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडलं, म्हणून इथं जरा थांबते.

फुलहॅमला त्या भगिनी चालवत असलेलं एक आश्रयगृह होतं. समाजानं 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या बायकांसाठी. रमाबाई बघायला गेल्या. त्या आपल्याकडच्या संस्कारात वाढलेल्या होत्या, अशा बाईची सावलीही नको हे त्यांनाही शिकवलेलं होतं. तिथं त्यांना काही बायका भेटल्या, ज्या एके काळी त्या आश्रयगृहात आल्या होत्या आणि आता स्वतः आजाऱ्यांची, अपंगांची सेवा करत होत्या. कुणी त्यांच्याकडे बोट दाखवत नव्हतं. अशा बाईसाठी काही करता येतं, करायला हवं, हा विचारच रमाबाईंना नवा होता. त्यांनी भगिनींना विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल एका भगिनीनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली गोष्ट वाचून दाखवली. शोमरोन प्रांतातली एक बाई भर दुपारी विहिरीवर पाण्याला येते, तिला पाच नवरे होऊन गेलेले, यहुदी लोक तिच्या जातीच्या माणसाच्या हातचं पाणी घेत नाहीत, आणि येशू तिच्याकडेच पाणी मागतो.

पाण्याची गोष्ट आहे ही, लक्षात घ्या. कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. म्हणजे बघा, त्यांनी आधी काम पाहिलं. मग कामामागची गोष्ट विचारली. श्रद्धा त्यांच्याकडे आली ती त्या वाटेनं. नेहेमिया गोरे या चित्पावन ख्रिस्ती धर्मगुरूंच्या लिखाणाचाही वाटा होता, तो मी कमी करत नाही. पण शास्त्रार्थात जन्म गेलेल्या बाईला नुसत्या शास्त्रार्थानं जिंकता आलं असतं, असं मला वाटत नाही.

महाराष्ट्रात गदारोळ उठला. तो अपेक्षित होता. गंमत अशी, की इंग्लंडातही उठला, आणि तो जास्त बोधप्रद आहे.

बाप्तिस्मा झाल्यावर भगिनींची अपेक्षा होती, की आता ही बाई चर्च सांगेल ते मानेल. रमाबाई प्रश्न विचारू लागल्या. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात डोरोथिया बील यांच्याकडे त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवत होत्या. तिथून त्यांचा आणि सिस्टर जेराल्डिन यांचा पत्रव्यवहार चालला. जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. पत्रांत त्रैक्याचा सिद्धांत आहे, कुमारीच्या पोटी जन्म आहे, चर्चमध्ये इतके पंथ का आणि प्रत्येक पंथ आपणच खरा असं का म्हणतो हे आहे. आणि स्वयंपाकघरही आहे. रमाबाई शाकाहारी होत्या, अंडं घातलेलं गोड त्यांना चालत नसे. भगिनींना वाटे, हा जातीचा अहंकार अजून गेला नाही. रमाबाईंना वाटे, माझ्या ताटात काय आहे याचा ख्रिस्ताशी काय संबंध? क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांबद्दलही तेच. लॅटिन इंग्लंडची भाषा नाही आणि माझीही नाही, मग संस्कृत का नको? मला हा प्रश्न फार आवडतो.

पुढे मोठं भांडण झालं. रमाबाईंनी तरुण मुलग्यांना संस्कृत शिकवावं असा विचार निघाला तेव्हा बिशप लोकांनी हरकत घेतली. बाईनं पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिचं वजन राहणार नाही म्हणे. ज्या बाईनं कलकत्त्याच्या पंडितसभेत परीक्षा दिली होती, जिच्या बापानं बाईला शिकवण्यासाठी घर सोडलं होतं, तिला हे सांगायचं! रमाबाई भडकल्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात मान द्यायची त्यांची तयारी नव्हती आणि हे त्यांनी पत्रात सरळ कळवलं. मनोरमाला काय शिकवायचं यावरूनही असाच वाद. आपल्याला जे पटलेलं नाही ते माझ्या मुलीच्या डोक्यात घालू नका, असं त्यांचं म्हणणं. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही सगळी पत्रं 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं इंग्रजीत छापली आहेत. शाळेच्या ग्रंथालयात मिळाली तर जरूर वाचा.

1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं अमेरिकेत राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी 1887 मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली आणि बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. दहा वर्षं विधवांच्या शाळेचा खर्च देण्याचं वचन मिळालं. अट एक होती आणि ती रमाबाईंनाही मान्य होती. शाळेत धर्माचा प्रचार नाही. मुलीला आपला धर्म पाळता येईल.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विधवा विद्यार्थिनीचं नाव गोदूबाई. पुढे 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला, त्या आनंदीबाई कर्वे, बाया कर्वे. सदनात ब्राह्मण मुलींचा स्वयंपाक वेगळा होई, सोवळं पाळता येई, तुळशीला पाणी घालता येई. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. एका ख्रिस्ती बाईनं आपल्या पैशाच्या आणि अधिकाराच्या घरात दुसरीच्या सोवळ्याची सोय करणं ही साधी गोष्ट नव्हे. मिशनरी मंडळींना ते आवडलं नाही, ख्रिस्ताचं नाव न घेता चाललेली शाळा म्हणून त्यांनी नावं ठेवली. 1890 मध्ये सदन पुण्यात आलं.

आता कठीण भाग. 1891 च्या सुमाराला रमाबाईंच्या मनात उलथापालथ झाली. त्यांना वाटू लागलं, की आठ वर्षांपूर्वी आपण ख्रिस्ती धर्म घेतला, पण ख्रिस्त आपल्याला भेटलाच नाही. श्रद्धा डोक्यात होती ती आता खाली उतरली. पहाटे त्या मुलीला घेऊन आपल्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी बोलावलं नाही, पण दारही लावलं नाही.

1893 मध्ये स्फोट झाला. 'केसरी'तून टीकेची झोड उठली. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी पंचवीसच्या आसपास मुली काढून नेल्या. बॉस्टनहून असोसिएशनच्या प्रतिनिधी येऊन चौकशी करून गेल्या आणि त्यांनी रमाबाईंवरचा विश्वास कायम ठेवला.

इथं मी कुणाच्या बाजूनं आहे? प्रामाणिकपणे सांगते, दोन्ही. रमाबाईंचं म्हणणं होतं, मुलीला तुळस पुजायची मोकळीक आहे तर माझ्याजवळ बसायचीही असावी. तर्क बिनतोड आहे. पण मी शिक्षिका आहे. बारा-चौदा वर्षांची, घरानं टाकलेली मुलगी, जिनं तिला पहिल्यांदा माणूस म्हणून वागवलं त्या बाईच्या उघड्या दारासमोरून जाते, तेव्हा ते दार नुसतं दार राहत नाही. आपण वर्गात काय बोलतो यापेक्षा आपण कोण आहोत याचा मुलांवर जास्त परिणाम होतो, हे आपल्याला रोज दिसतं. रानड्यांसारखा माणूस उगीच दुखावला गेला नव्हता. आणि तरीही त्या मुलींना घरी परत नेऊन समाजानं त्यांच्यासाठी काय केलं, हाही प्रश्न उरतोच. त्यातल्या बऱ्याच जणींच्या वाट्याला पुन्हा तोच माजघरातला कोपरा आला असणार.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या वाचून रमाबाईंना आपलंच बालपण समोर दिसलं. त्या स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळी छावण्यांत एकट्यादुकट्या पोरींना पळवणारे, फसवणारे, पहारेकरीसुद्धा, हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. शेकडो मुली आणि बायका घेऊन त्या परतल्या. बॉस्टनचे पैसे उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठी होते, आणि या मुली होत्या सगळ्या जातींच्या. कुणी लग्न झालेली, कुणी नाही, कुणी रोगानं पोखरलेली. हिशेबाच्या वहीत यांचा रकाना नव्हता. तरी आणल्या.

पुण्यात त्याच वेळी प्लेग. शहरात इतक्या नव्या माणसांना ठेवायला सरकारी बंदी. रमाबाईंनी केडगावला जमीन घेतलेली होती, शंभर एकर, फळबाग लावून सदनाचा खर्च भागवायचा या हिशेबानं. मुली तिकडे हलवल्या. आधी तंबू, झोपड्या, मग हळूहळू इमारती. हेच मुक्ती सदन. प्लेगच्या इस्पितळात आपल्या एका मुलीची जी आबाळ झाली तिच्याबद्दल त्यांनी मुंबईच्या वर्तमानपत्रात सरकारविरुद्ध सडकून लिहिलं, प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं. ख्रिस्ती झालेली बाई म्हणजे सरकारची माणूस, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

1900 मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला आणि मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. एवढ्या माणसांना रोज खायला घालायचं! विहिरी खणल्या. शेती, गाईगुरं, हातमाग, तेलाचा घाणा, धुलाई, शिवण, छापखाना. हिंडून-फिरून आलेल्या मुलीला आधी आंघोळ, औषध आणि झोप, मग पाटी. वडीलधाऱ्या बाईला अक्षरं येत नसतील तर पाटी तिलाही. आंधळ्या मुलींसाठी वेगळा वर्ग, मनोरमाबाई परदेशात ब्रेल शिकून आल्या होत्या, त्यांनी तो चालवला. आणि कृपा सदन, फुलहॅमसारखं, 'पतित' म्हटल्या गेलेल्या बायकांसाठी. सोळा-सतरा वर्षांपूर्वी पाहिलेलं घर त्यांनी केडगावच्या माळावर पुन्हा उभं केलं. शारदा सदनातल्यासारख्या वेगळ्या चुली इथं नव्हत्या. ब्राह्मण, मराठा, महार, मांग, सगळ्या एका पंगतीला.

पण मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. दहा वर्षांचा करार संपला होता, तटस्थतेची अटही. आणि इथं मघाचा मुद्दा परत येतो. चेल्टनहॅमची रमाबाई म्हणत होती, न पटलेली मतं माझ्या मुलीच्या डोक्यात घालू नका. केडगावच्या रमाबाईंच्या हाताखाली शेकडो लेकी होत्या आणि त्या रोज प्रार्थनेला बसत होत्या. 1905 मध्ये तिथं धर्मजागृतीची मोठी लाट आली, मुली रात्र रात्र मोठ्यानं प्रार्थना करत. उपाशी पोटानं आलेल्या पोरीला तिथं नाही म्हणता येत होतं का? येत असेल. सहज येत नसेल. रमाबाईंचं उत्तर बहुधा असं असतं, की जे मला वाचवून गेलं ते मी त्यांच्यापासून लपवून ठेवू का? मला दोन्ही रमाबाई खऱ्या वाटतात. वय वाढलं तशी त्यांची मतं घट्ट झाली, सिद्धांतांवर वाद घालणारी बाई मागे पडली. हात मात्र तिथंच होते, जखमा धुण्यात. ज्यांना त्यांची श्रद्धा पटत नव्हती त्यांनाही ते दिसत होतं. आणि श्रद्धा पटणारे कितीतरी जण सुंदर चर्चमध्ये बसून सिद्धांत बरोबर म्हणत होते, त्यांच्या अंगणात मात्र अशी एकही मुलगी नव्हती.

त्या स्वतः शेवटपर्यंत पांढऱ्या लुगड्यात राहिल्या, शाकाहारी राहिल्या. कुठल्याच एका पंथाच्या पुरत्या झाल्या नाहीत. 1919 मध्ये सरकारनं त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिलं.

आयुष्याची शेवटची बरीच वर्षं त्यांनी एका कामाला दिली. आपल्या मराठीच्या शिक्षकांनी तर हे वाचायलाच हवं. मराठीत बायबल होतं. पण रमाबाईंचं म्हणणं, की ते संस्कृतनं जड झालं आहे, खेड्यातल्या बाईच्या हाती दिलं तर तिला उमगणार नाही. म्हणून त्यांनी पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं आणि मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर एकटीनं केलं. ज्या बाईला अठरा हजार संस्कृत श्लोक पाठ, ती वाक्यावाक्यातून अवघड संस्कृत शब्द वेचून बाहेर काढत बसली होती! भाषांतर मुळाला फार चिकटून आहे, त्यामुळे ठिकठिकाणी ताठर वाटतं, हेही सांगायला हवं. सोपं लिहिणं किती अवघड असतं ते आपल्याला ठाऊक आहे. पाचवीचा स्वाध्याय तयार करताना घाम फुटतो.

24 जुलै 1921 रोजी मनोरमाबाई गेल्या, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. संस्था तिच्यावर सोपवायची असं आईनं ठरवलं होतं. रमाबाई कामाला बसत राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. भाषांतर पूर्ण झालं होतं. 1924 मध्ये केडगावच्या छापखान्यात ते छापून झालं, तिथल्याच बायका-मुलींच्या हातून.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी फुलहॅमची आणि विहिरीवरच्या बाईची गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बाई, येशूनं तिच्या हातचं पाणी खरंच प्यायलं का?" मी घरी येऊन तो अध्याय पुन्हा वाचला. पाणी मागितल्याचं आहे, बोलणं आहे, बाई घागर तिथंच टाकून गावाकडे धावत गेल्याचं आहे. प्यायल्याचं लिहिलेलं नाही.